न मोजलेला ताप

अक्का, काल तुझी शोकसभा झाली. बायकांच्या वॉर्डापुढच्या लांब व्हरांड्यात सगळ्यांना उभं केलं होतं. नर्सा, आया, कंपाउंडर, स्वयंपाकघरातली माणसं आणि खाटेवरून उठता येईल तेवढे पेशंट. मोठे डॉक्टर बोलायला पुढं आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "गोदाबाई इतकी वर्षं या दवाखान्यात होत्या, पण आजारी म्हणून एक दिवस कधी पडून राहिल्या नाहीत."

मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला म्हणून लोकांना वाटलं, सुशीलाला रडू आवरेना. तू शेजारी असतीस तर मला कोपरानं ढोसलं असतंस आणि कानाशी येऊन म्हणाली असतीस, "आगं गप की, सायब लई मनापासनं बोलाय लागल्यात." मनापासूनच बोलत होते गं ते. माझं दुखणं तेच आहे. मुदतीच्या तापानं गेलेल्या बाईचं कौतुक काय, तर ती कधी आजारी पडली नाही! आणि समोरची सगळी माणसं माना डोलवतात. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तरी तोंड उघडलं नाही, मीही नाही.

सभा पुरती संपलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात ऑपरेशनची घंटा झाली आणि सगळे पांगले. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि तुझा किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "सुशीलाबाई, आता वॉर्ड तुमच्याकडे." घेता का, जमेल का, काही विचारलं नाही. मी म्हटलं, मला विचार करायला उद्यापर्यंत वेळ द्या. ते चकित झाले. विचार करण्यासारखं यात काय आहे, हे त्यांना खरंच कळेना. मग म्हणाले, "बरं. उद्या संध्याकाळी सांगा."

तो उद्या म्हणजे आज. दुपार झाली आहे. मी आपल्या खोलीत बसले आहे आणि जुडगा तुझ्या खाटेवर पडला आहे. खाट नुसती लोखंडाची राहिली आहे, कारण गादी काल मागच्या आवारात जाळली. नियमच आहे तो, तूच कितीतरी जणांच्या गाद्या जाळायला लावल्या असशील. संध्याकाळी मला हो किंवा नाही सांगायचं आहे. आणि एक गोष्ट अजून कुणाला बोलले नाही, तुला सांगते. कालपासून माझं डोकं जड आहे. पाठीत कळा येतात. डोळे मिटले की पापण्या पोळतात.

लगेच डोळे वटारू नकोस. आधी ऐकून घे.

मी संगमनेराहून आले तेव्हा मास्तरांची मुलगी म्हणून जरा तोऱ्यातच होते, आठवतंय? नवरा गेला होता, भावाच्या घरात वहिनीच्या पुढ्यात दिवसभर भांडी घासत बसण्यापेक्षा नर्सचं शिक्षण बरं, म्हणून आले. मला वाटायचं, या चौथी शिकलेल्या, 'न्हाई' न् 'व्हय' करणाऱ्या बाईकडून मी काय शिकणार! पहिल्याच आठवड्यात पारा उतरवायला म्हणून थर्मामीटर झटकला आणि खाटेच्या दांडीवर आपटून त्याचे तुकडे केले. लढाई चालू, मुंबईहून नवा माल येत नव्हता. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. तू खाली बसलीस, कागदाच्या कपट्यानं पाऱ्याचे थेंब गोळा केलेस आणि म्हणालीस, "लोखंडापासनं लांब उभं ऱ्हायाचं. मनगट हलवायचं, खांदा न्हाई. आन् रडायचं आसंल तर भाईर जाऊन रड, हितं पेशंट घाबरत्यात."

तुझं ते मनगट! एकच झटका, आणि पारा तळाला. भटारखान्यात आमटी वाढतानाही तू पळी तशीच झटकायचीस आणि आम्ही हसायचो. महिनाभरात मलाही ते जमलं. आता माझी पळीही तशीच झटकली जाते.

आणि ती काष्टीकडची म्हातारी! तोंडात थर्मामीटर, आणि त्याच्या शेजारून सुनेच्या कागाळ्या चालूच. सून भाकरी जाड थापते, सून उशिरा उठते. तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "मावशे, सुनंला जरा येळ सोड. तोंडात पारा आसताना बोलायचं न्हाई. बोललं की ताप खोटा दिसतो." म्हातारीनं तोंड मिटलं, पण हातांनी तिचं सुनेविरुद्ध बोलणं चालूच राहिलं. भाकरी केवढी जाड ते तिनं बोटांनी दाखवलं. तू इतकी हसलीस की तुलाच टेकायला भिंत लागली. त्या हसण्यासाठी मी तुझ्या हाताखाली राहिले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आपल्या नर्सांच्या खोल्यांत एक रीत होती. नव्या मुलीला ती कुणी समजावून सांगत नसे, पहिल्या तापातच ती कळायची. मला कळली त्या दिवशी मी वॉर्डात उभी राहून थरथरत होते. मी स्पिरिटच्या पेल्यातून थर्मामीटर उचलला, तोंडाशी नेला, आणि तू माझं मनगट धरलंस.

"मोजू नगं."

"अहो, पण ताप आहे मला." वॉर्डात मी तुला अहोजाहो करायची, खोलीत अगंतुगं.

"आसंल. मोजला की त्यो डॉक्टरला सांगावा लागतो. सांगितला की तुला खाटंवर टाकत्यात. तुला टाकलं की पलीकडच्या वॉर्डातल्या यमुनाच्या गळ्यात दोन वॉर्ड. ती आधीच बारीक झालीया. मोजला न्हाई तर ताप न्हाई, अंग मोडून आलंय म्हनायचं."

मग तू मला कपड्यांच्या खोलीत नेलंस. चादरींच्या ढिगावर बसवलंस, सुंठीचं पाणी करून दिलंस, आणि कुणी विचारलं तर घड्या घालतेय म्हण, असं सांगून माझ्या खाटा स्वतः करायला गेलीस. दिवसभर. स्वतःचा वॉर्ड सांभाळून. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. त्या चादरींवर पडून मी रडले ते तापानं नाही. आपल्यासाठी इतकं करणारं कुणी आहे, म्हणून रडले.

तुझ्यावर मनसोक्त चिडताही येत नाही ते त्यामुळंच, अक्का. सासरी कुणी डांबून ठेवलं तर दाराला लाथ तरी मारता येते. इथं एकमेकींच्या मायेनंच आपण एकमेकींना डांबलं होतं. यमुनाला त्रास नको म्हणून मी ताप लपवायचा, मला त्रास नको म्हणून यमुनानं. कुणी वाईट नव्हतं गं. दवाखान्यात बदलीला एक जास्तीची बाई ठेवली असती तर हे सगळं लागलंच नसतं, पण ती ठेवावी असं डॉक्टरांना वाटायचं कारणच काय? इथं कुणी आजारीच पडत नव्हतं.

मी म्हणायची, आपण तापानं फणफणलेल्या हातांनी पेशंटला दूध पाजतो, हे पाप आहे. तू म्हणायचीस, "हात धुती की मी." मी म्हणायची, हात धुऊन ताप जातो का? तू म्हणायचीस, "सुशे, तुला लई बोलाया येतं. त्या कोपऱ्यातल्या बाईची कूस बदलून ये, मंग बोल." मी कूस बदलायला जायची आणि वाद तिथंच राहायचा. आपला एकही वाद कधी पुरा झाला नाही. दरवेळी कुणीतरी पाणी मागायचं.

लढाईत नर्सा लष्कराच्या दवाखान्यांत गेल्या आणि उरलेल्यांवर सगळं आलं. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी, आणि परवानगी मागायची कुणी, आपण गेलो की दुसरीचे हाल. त्या दिवसांत इथल्या किल्ल्यात बेचाळीसच्या चळवळीतली देशातली मोठमोठी माणसं कोंडलेली होती. सगळं गाव हळहळायचं. तू कपडे पिळता पिळता म्हणालीस, "त्येंना सुटायची आशा तरी हाय, सुशे. आपन तर सोताच येऊन बसलोय." आणि परत ते हसणं. मी हसले नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली की मी इथंच म्हातारी होणार.

मग आपण ठरवलं. सगळ्या नर्सांनी मिळून, सकाळच्या राउंडनंतर, डॉक्टरांच्या खोलीपुढं उभं राहायचं. मागणं साधं होतं. आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा, आणि आजारी पडणारीच्या जागी बदलीला एक बाई. बोलायचं तू. कारण मी बोलले तर उद्धट, यमुना बोलली तर रडकी, तू बोललीस तर ऐकतील. तू एकच वाक्य ठरवलं होतंस आणि वेणी घालताना, भाकरी मोडताना तेच घोकायचीस. "डॉक्टर, या पोरी बी मानसंच हायेत." मी म्हणायची, 'बी' नको, 'पण' म्हण. तू म्हणायचीस, "पन म्हनलं की मला खोटं वाटतंय." शेवटी मी नाद सोडला.

त्या सकाळी आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. तू नव्हतीस. आम्ही जिन्याकडं बघतोय, दाराकडं बघतोय. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "काय झालं? सगळ्या इथं? आणि गोदाबाई कुठं आहेत?" तेवढ्यात आया पळत आली. बैलगाडीतून एक अडलेली बाई आली होती, आणि गोदाबाई तिच्यापाशी गेल्या होत्या. डॉक्टरांनी आमच्याकडं नुसतं बघितलं. रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बघा. त्यांना कधी असं येऊन उभं राहावंसं वाटलं नाही." एकेक करून सगळ्या निघून गेल्या. मी शेवटपर्यंत उभी होते. माझ्या तोंडून तुझं वाक्य येईना, कारण ते तुझं होतं.

दुपारी तू खोलीत आलीस ती रक्तानं भिजलेलं लुगडं बदलायला. मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, तू आमचे पाय मोडलेस. आमच्यापैकी कुणी काही मागितलं की ते तुझ्याकडं बोट दाखवणार. तुझ्या चांगुलपणाचा गज करून आम्हाला मोजतात ते, आणि तू तो गज स्वतःच्या हातानं देतेस. तू शांतपणे निऱ्या घातल्यास आणि म्हणालीस, "प्वाट्यातलं ल्येकरू आडवं हुतं. त्येला काय सांगू, थांब, आमचं मागनं चाललंय?"

मी महिनाभर तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू रोज माझ्या ताटाशेजारी लोणच्याची फोड ठेवायचीस. मी ती खायची, पण बोलायची नाही.

मग यंदा उन्हाळा सरता सरता मला दिसलं की तू जिना चढताना भिंतीला हात लावतेस. भाकरी चतकोर मोडून बाकीची आयाला देतेस. तुझ्या हातातून भांडं घेताना तुझी बोटं पोळली. मी विचारलं, तू म्हणालीस, "ऊन लागलंय." चार दिवसांनी परत विचारलं, तेव्हाही ऊनच. माझा अबोला तिथं संपला, अक्का. न्हाणीघरात तू एकटी दिसलीस तशी मी थर्मामीटर घेऊन आत आले, दाराला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, तोंड उघड, नाहीतर मी इथून हलत नाही. तू उघडलंस. किती गुणी मुलीसारखी बसली होतीस त्या दगडावर! मला वाटलं, जिंकले एकदाचं. मी हात पुढं केला, आणि तू थर्मामीटर तोंडातून काढलास न् माझ्या डोळ्यांदेखत मनगट हलवलंस. एकच झटका. पारा तळाला.

"बघ," म्हणालीस, "न्हाई ताप."

मी तशीच डॉक्टरांकडं गेले. चुगली म्हण हवं तर. ते लगेच वॉर्डात आले, ते वाईट नाहीत. विचारलं, "गोदाबाई, बरं आहे ना?" तू म्हणालीस, "व्हय डॉक्टर." त्यांना तेच ऐकायचं होतं. ते मला म्हणाले, "बघा, बरं आहे म्हणतात." आणि पुढच्या खाटेकडं गेले. दोनच दिवसांनी तू व्हरांड्यात दुधाच्या पेल्यांचा ट्रे घेऊन पडलीस. सगळं दूध सांडलं आणि तू पडल्या पडल्या म्हणत होतीस, पाय घसरंल कुनाचा, पुसा आधी.

मुदतीचा ताप. त्यात पाठ टेकून निपचित पडून राहायचं असतं, कूससुद्धा दुसऱ्यानं बदलायची असते, आणि तू त्या तापात जिने चढत होतीस, माणसं उचलत होतीस. डॉक्टर तुला तपासून बाहेर आले आणि मला म्हणाले, "यांनी आधीच पडून राहायला हवं होतं. आतड्याला धोका आहे आता." पडून राहायला हवं होतं! कुणाच्या जिवावर?

तुला तुझ्याच वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर ठेवलं. तू छळलंस गं मला तिथंही. त्या पलीकडच्या पोरीचं अंग पुसलं का? ती खिडकी कोण लावणार? मी तुझ्या तोंडात थर्मामीटर ठेवायची, आणि तो काढताना तुझा उजवा हात चादरीवर हलायचा. झटकायचा. झटकायला हातात काही नसायचं, तरी हलायचा. यमुना ते बघून बाहेर निघून जायची. मी नाही गेले. मी तो हात धरून ठेवायची.

एका सकाळी तू चांगली शुद्धीवर होतीस. मला वाटलं, उतार पडला. तू म्हणालीस, "सुशे, त्या दिशी ती बाई यमुनानं बी सोडवली आसती. तिला येतंय."

मी म्हटलं, कुठल्या दिवशी, कुठली बाई, आता नको बोलूस.

"गाडीतली. मी मुद्दाम गेलते. डॉक्टरपुढं हुबं ऱ्हायाचं मला भ्या वाटत हुतं. हितनं काढलं तर म्या कुटं जाऊ? दिरानं दार लावलंय. तुला भाऊ तरी हाय. मला ह्यो वॉर्डच हाय." मग जरा थांबून म्हणालीस, "लोकास्नी वाटतं मला कामाची लई माया. माया बी हाय. खोटं न्हाई. पन भ्या बी लई हाय गं."

मी तुला पाणी पाजलं. तुझ्या चांगुलपणावर इतकी वर्षं चिडले, आणि त्याच्या आत एक घाबरलेली बाई बसली होती, हे मला कधी दिसलं नाही. सांगायचं एवढंच होतं की अक्का, मीही त्याच भीतीनं इथं आहे. भाऊ आहे म्हणतेस, पण भावाचं घर म्हणजे वहिनीचा ओटा. आणि मेलं हे काम मलाही आवडतं. ताप उतरलेल्या बाईनं पहिल्यांदा भाकरी मागितली की मला अजून भरून येतं. आवडत नसतं तर कधीच पळाले असते. हे सगळं तुला संध्याकाळी बोलू म्हटलं. तिकडं कुणीतरी पाणी मागितलं होतं. संध्याकाळी तुला काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवाटपाच्या वेळी तू गेलीस.

आता आजचं ऐक. सकाळी मी जुडगा कमरेला लावला नाही, हातातच धरला. राउंडच्या आधी सगळ्या पोरींना व्हरांड्यात ओळीनं बसवलं आणि म्हटलं, तोंडं उघडा. त्यांना वाटलं, अक्का गेल्यापासून बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. एकेकीच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि काढतानाही मीच काढला. कुणाच्या हातात दिला नाही. हमीदाची पाळी आली तेव्हा ती माझे हातच धरायला लागली. तुला ती आवडायची, पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या कारागिराची मुलगी, कुराणाची शपथ घेऊन खोटं बोलायची आणि लगेच जीभ चावायची. "बाई, नका ना मोजू. यमुनाबाईंना दोन वॉर्ड पडतील. मला नुसतं ऊन लागलंय." तुझेच शब्द. मी तिचं तोंड उघडायला लावलं. चांगलाच ताप होता. तिला हाताला धरून खाटेवर नेऊन निजवलं आणि ती रडत राहिली, जणू काही चोरी पकडली तिची.

डॉक्टर राउंडला आले. मी म्हटलं, हमीदाला ताप आहे, ती कामावर नाही. ते म्हणाले, "मग तिचा वॉर्ड?"

"तुम्ही सांगा."

"गोदाबाई असत्या तर..."

"गोदाबाई नाहीत, डॉक्टर. म्हणून तर विचारते." मग तुझं वाक्य बोलले, अक्का. त्यात 'पण' घातलंच नाही. "डॉक्टर, या पोरी बी माणसंच आहेत."

मागं यमुना उभी होती. तिनं ते वाक्य तुझ्या तोंडून वेणी घालताना ऐकलेलं. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "बदलीच्या बाईचं बघू. पण आजचा दिवस तुम्ही दोन्ही वॉर्ड ओढून न्या." बघू, म्हणाले. आणि मी दोन्ही वॉर्ड ओढले. नाही म्हणून हात बांधून बसता येतं का? खाटेवरच्या बाईचा घसा कोरडा पडलेला असतो, तिला 'बघू' म्हणता येत नाही. दूध पाजताना मी हात दोनदा धुतले, आणि धुताना मला तुझी आठवण येऊन संताप आला. तुझा नाही, माझा. एका सकाळीत मी तू झाले होते.

आणि एक राहिलंच. सगळ्या पोरींचा ताप मोजून झाल्यावर यमुना म्हणाली होती, "बाई, तुमचा?" मी म्हटलं, नंतर. आणि थर्मामीटरचा पेला उचलून आत गेले.

तो पेला आता पुढ्यात आहे. मला आकडा बघायला नको आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? ताप निघाला तर उद्या दोन्ही वॉर्ड यमुनावर. ती खरंच बारीक झाली आहे. ताप निघाला तर संध्याकाळी डॉक्टरांना हो म्हणायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, खाटेवरच्या बाईला कुणी जुडगा देत नाही. आणि न मोजला तर नुसतं अंग मोडून आलंय. तू खिडकीत उभी राहून 'मोजू नगं' म्हणतेयस, मला ऐकू येतंय. सुंठीचं पाणीसुद्धा आणशील तू. कपड्यांच्या खोलीत चादरींचा ढीग आहेच.

आज ऐकणार नाही तुझं. रागाव हवं तर. आता कुणाला पाणी हवं असेल तर आया देईल, हा एक वाद मला पुरा करायचा आहे. तू जे केलंस ते मायेनं केलंस, आणि त्या मायेपायी तू गेलीस, आणि मला ती माया नको आहे. तू हवी होतीस. दवाखान्याचं एक वेळ अडलं असतं तरी चाललं असतं गं, तू महिनाभर पडून राहायला हवं होतंस आणि आम्ही तुझी कूस बदलायला हवी होती. संध्याकाळी डॉक्टरांना हेच सांगणार आहे. जुडगा घेईन, पण रोज सकाळी सगळ्यांचा ताप मोजीन, माझ्यापासून सुरुवात करून. आणि तो निघाला तर वॉर्डाचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. आम्ही नाही.

यमुनाला वर बोलावलं आहे. आकडा तीच वाचेल, मी नाही. माझ्या मनगटाचा मला भरवसा नाही, ते तू घडवलेलं आहे. आली बघ जिन्यावर, पावलं ऐकू येताहेत. थर्मामीटर तिच्या हातात देईन आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहीन.

तोंडात पारा असताना बोलायचं नाही, बोललं की ताप खोटा दिसतो, हेही तुझंच. म्हणून आता गप्प बसते, अक्का.